दोन राऊटरमधलं कनेक्शन सारखं तुटतंय? नवीन राऊटर घेण्याआधी हे तपासा



खाली काउंटर, वर गोडाऊन. दोन्हीकडे एकेक राऊटर आणि मध्ये लॅन केबल. ऐन गर्दीत बिलिंग अडकतं, गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं आणि शेजारच्या दुकानात जातं. हे तुमच्याकडेही होतंय का?

माझ्या ऑफिसमध्ये झालं तेव्हा मी घाईघाईने नवीन राऊटर आणला. प्रॉब्लेम तसाच! दोष राऊटरमध्ये नव्हताच, सेटिंगमध्ये होता. तुमचे पैसे वाचावेत म्हणून हा क्रम सांगतो.

१. पत्ते तपासा. बऱ्याच राऊटरचा पत्ता कंपनीतूनच १९२.१६८.१.१ असतो. दोघांचा पत्ता एकच असेल तर भांडण ठरलेलं. शिवाय दोघांचंही डीएचसीपी चालू असेल तर दोघंही कॉम्प्युटरना पत्ते वाटत सुटतात. दुसऱ्या राऊटरला लॅपटॉप थेट जोडा. त्याला वेगळा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.२. हा पत्ता पहिला राऊटर जे पत्ते वाटतो त्यात नसावा. मग दुसऱ्याचं डीएचसीपी बंद करा.

२. केबल कुठे खोचलीय? दोन्हीकडे लॅन पोर्टमध्येच हवी, दुसऱ्याच्या वॅन पोर्टमध्ये नको. आणि दोन राऊटरमध्ये एकच केबल. 'जास्त स्पीड मिळेल' म्हणून दुसरी जोडलीत तर डेटा गोल गोल फिरून अख्खं नेटवर्क बसू शकतं.

३. आता दोष शोधा. लॅपटॉप वायरने दुसऱ्या राऊटरला जोडा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा आणि दोन्ही राऊटरच्या पत्त्यांवर '-टी' लावून पिंग चालू ठेवा. दुसरा उत्तर देतोय पण पहिला मध्येच गप्प होतोय? मग संशय मधल्या केबलवर किंवा पोर्टवर. दोघंही उत्तर देतायत आणि फक्त इंटरनेट जातंय? मग इंटरनेटवाल्याला फोन करा.

४. केबल बदलून बघा. आधी तयार, चांगली केबल तात्पुरती लावा. थांबलं तुटणं? मग जुनीची टोकं नव्याने क्रिम्प करून घ्या. गिगाबिटला आठही तारा लागतात, एक जरी सैल असली तरी गडबड होते. केबलची लांबी १०० मीटरच्या आत हवी, आणि ती विजेच्या वायरला चिकटून नेऊ नका.

५. पोर्ट आणि अडॅप्टर. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. राऊटरचे सगळेच दिवे विझून पुन्हा लागत असतील तर अडॅप्टर किंवा वीज तपासा.

एक नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वेळेसकट वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर चालू होईलही, पण कशामुळे ते कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

आणि मेकॅनिकला बोलवावंच लागलं तर ती वही त्याच्यासमोर ठेवा. "नेट चालत नाही" म्हणण्यापेक्षा "मधली केबल तुटतेय" म्हणालात, तर काम लवकर होईल आणि बिलही कमी येईल. धंद्यात हेच तर हवंय ना?