या गावाला पाणी कुठून येतं?

सेमिस्टर ब्रेकमध्ये ब्लेंडरवर मी माझं पहिलं ‘युरोपियन’ गाव उभं केलं. दगडी रस्ते, लाल कौलं, मधोमध टोकदार चर्च आणि टेकडीवर किल्ला. इंटर्नशिपच्या पोर्टफोलिओत हेच टाकायचं ठरलं होतं. रूममेट दोन मिनिटं मॅपवर फिरला आणि म्हणाला, ‘‘भारी आहे रे. पण या लोकांना पाणी कुठून येतं?’’

नदी नव्हती, विहीर नव्हती, शेतही नव्हतं. वॉलपेपर पाहून बांधलेलं गाव होतं ते.

‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’चा दुसरा भाग (२०२५) खेळला असाल, तर त्यातलं कुटेनबर्ग आठवा. हे चेक प्रजासत्ताकातलं खरंखुरं कुतना होरा. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे चांदी सापडली आणि खाणींच्या आसपास वस्ती वाढत गेली. नकाशा आखून वसवलेलं शहर नाही, म्हणून रस्ते हवे तसे वळलेले. खाणकामगारांची संत बार्बरा, तिच्या नावाच्या चर्चचं काम १३८८मध्ये सुरू झालं. गेमची गोष्ट १४०३मधली, त्यामुळे तिथे चर्च अर्धवट बांधलेलं दिसतं. आपण मात्र मॅपवरची प्रत्येक इमारत कालच उद्घाटन झाल्यासारखी चकाचक ठेवतो!

मग मी जुन्या शहरांचे नकाशे बघत बसलो. बाजारचौकाला लागून दर्शनी जागा प्रत्येक व्यापाऱ्याला हवी, म्हणून घरं तोंडाशी अरुंद आणि मागे लांबलचक. आपल्या जुन्या बाजारपेठांतही हे दिसतं. चामडं कमावणाऱ्यांची वस्ती शक्यतो नदीच्या खालच्या अंगाला, कारण वास आणि घाण. मध्ययुगीन चर्चची वेदी बहुतेक ठिकाणी पूर्वेकडे. माझी वेदी नैर्ऋत्येला होती, कारण तिथून स्क्रीनशॉट छान यायचा.

वळणाच्या गल्लीचा आणखी एक फायदा आहे. वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणजे इंजिनला ते रेंडर करावं लागत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपसाठी तर हे वरदानच.

अर्थात सगळं इतिहासाबरहुकूम हवंच असं नाही. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ (२०१४) फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात घडतो, पण त्यातल्या नोत्र दामवर एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युकने उभारलेला मनोरा आहे. खरं तर तेव्हा तो तिथे नव्हताच. पण लोकांच्या डोळ्यांसमोर चर्च येतं ते त्या मनोऱ्यासकट. ही चूक मला पटते, कारण ती जाणूनबुजून केलीय. माझी नैर्ऋत्येची वेदी तशी नव्हती.

नवीन मॅपमध्ये आधी नदी काढली. मग उथळ पाण्याची जागा, तिथे पूल, पुलापाशी जकातनाका, नाक्याजवळ बाजार. घरं सगळ्यात शेवटी. किल्ला उडवला. जिवावर आलं, अकरा दिवस घातले होते त्यावर. पण एवढ्याशा गावाला तो पोसणार कोण?

परवा रूममेट पुन्हा फिरून आला. पुलावर थांबला, खाली पाण्यात बघितलं आणि विचारलं, ‘‘जत्रेला बैलगाड्या लावायच्या कुठे?’’

चौक लहान पडतोय. आज रात्री पुन्हा बसतोय.