सापशिडीची जुनी आवृत्ती खेळायला हवी

2025 च्या अखेरीस ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका संपली. वेक्ना कोण आणि डेमोगॉर्गन कसला, हे आता नांदेड-लातूरच्या कॉलेजातल्या पोरापोरींना सांगायला नको. पण 1983 सालच्या तळघरात टेबलाभोवती बसून तिच्यातली चार मुले जो डाव मांडतात, त्याची खरी गोष्ट मालिकेबाहेर घडते आहे. तो डाव म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत छापून विकायला काढला. त्याच्या सुधारित नियमांची नवी पुस्तके 2024 पासून बाजारात आली. आणि तरीही जगभरातले कितीतरी खेळाडू 1974 आणि 1981 च्या नियमांकडे परत वळले आहेत.

याला निव्वळ बालपणाची हुरहुर म्हणून सोडून देता येणार नाही. परत जाणाऱ्यांत ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता असे पुष्कळ आहेत. त्यांना ओढ आहे ती नियमांची. जुन्या नियमांत आपले पात्र आपण मनासारखे घडवत नाही. सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, बेरीज करायची आणि बळ, बुद्धी, चपळाई या गुणांपुढे आले तसे ओळीने लिहून टाकायचे. अठरा पडण्याची शक्यता 216 मध्ये एक, दहा किंवा अकरा पडण्याची 216 मध्ये 54. म्हणजे बहुतेक जण साधारणच निघतात, आणि त्या साधारण माणसाला घेऊनच अंधाऱ्या भुयारात उतरायचे. पुढच्या आवृत्त्यांनी चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडण्याची सवलत दिली, ठरावीक आकडे हवे तिथे मांडण्याची मुभा दिली. खेळाडू खूश झाला, पण दैवाने दिलेले पदरी घेण्यातला थरार ओसरला.

दुसरा फरक मला जास्त मोलाचा वाटतो. 1981 च्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः खजिना सुखरूप बाहेर आणल्याबद्दल मिळत, राक्षस मारल्याबद्दल अगदी थोडे. जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशावर येईल तेवढाच, आणि तो शून्यावर आला की माणूस मेला. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळे, बोलणी करी, वाट काढून पळे. समोर आलेला प्राणी हल्ला करील की बोलेल, हेसुद्धा दोन फाशांवर ठरे. नव्या आवृत्तीत मरणाच्या दारातून परतण्याच्या संधी वाढल्या आणि लढणे हाच मुख्य धंदा झाला. नियम बदलले की खेळणाऱ्याचे वागणे बदलते, एवढे यातून स्पष्ट दिसते.

परतीची वाट कायद्यानेही मोकळी झाली. खेळाचे हक्क असलेल्या कंपनीने 2000 साली नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली दिला, त्याच्या आधाराने 2006 साली ‘ओस्रिक’ आणि 2019 साली ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ ही जुन्या नियमांची नवी पुस्तके निघाली. जानेवारी 2023 मध्ये कंपनीने तो परवाना आवळू पाहिला, तेव्हा खेळाडूंनी असा गिल्ला केला की त्याच महिन्यात माघार घ्यावी लागली.

आता आपल्याकडे वळतो, कारण लेख लिहायचा तो यासाठीच. मुदखेड जंक्शनवर आदिलाबादच्या गाडीची वाट पाहणारी मंडळी मोबाइलवर ल्यूडो खेळताना दिसतात. गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात ल्यूडोच्या पुठ्ठ्याच्या पाठीवर सापशिडी फुकट मिळते. ही फुकटची सापशिडी इंग्रजी आवृत्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडात गेला. तिथे सुरुवातीला सापशिड्यांना व्हिक्टोरियन सद्गुण-दुर्गुणांची चित्रे चिकटली, मग तीही गळाली आणि उरली एक ते शंभरची घरे. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने 1943 साली साप काढून घसरगुंड्या घातल्या. आपण खेळतो ती इंग्लंडातली, अर्थ पुसलेली आवृत्ती.

तिच्या आधीची आवृत्ती म्हणजे मोक्षपट. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी एका डॅनिश अभ्यासकाच्या विचारणेवरून शोध घेतला, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातून दोन मराठी मोक्षपट हाती आले. मंजुळांनी सांगितलेल्या माहितीनुसार हे पट वीस इंच लांब-रुंद, पन्नास घरांचे. पहिले घर जन्म, शेवटचे मोक्ष. सापांना काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर अशी नावे. शिड्यांना सत्संग, दया, सद्बुद्धी. पटावर ओव्या लिहिलेल्या, आणि दान टाकायचे ते सहा कवड्यांचे.

या सहा कवड्यांवर थोडे थांबायला हवे. फाशावर एक ते सहा हे आकडे सारख्याच वेळा पडतात. कवड्यांचे तसे नाही. कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते असे धरले, तर सहापैकी तीन उताण्या पडण्याची शक्यता 64 मध्ये 20, आणि सहाच्या सहा पडण्याची 64 मध्ये एक. म्हणजे मधली दाने वारंवार, टोकाची क्वचित. त्यामुळे तुम्ही उभे आहात तिथून तीन घरांवर बसलेला साप सहा घरांवरच्या सापापेक्षा कितीतरी जास्त वेळा गिळतो. हे बारकावे फाशाच्या सापशिडीत येणे शक्यच नाही. चिंचोके फोडून दान टाकलेल्या आपल्या आज्यांना हे हिशेबाशिवाय माहीत होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी गोष्ट अशी की, थोरली भावंडे भिक्षेला गेली की मागे राहिलेल्या सोपान-मुक्ताईंसाठी ज्ञानेश्वरांनी हा खेळ रचला. आपेगाव मराठवाड्यातले, तेव्हा ही गोष्ट आपल्याला जवळची वाटते आणि माझीही माउलींवर श्रद्धा आहे. पण आज हाती असलेले जुने पट प्रामुख्याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत, आणि ज्ञानेश्वरांचा काळ तेराव्या शतकाचा. मधली साखळी पुराव्याने जोडल्याखेरीज ‘सापशिडीचा शोध’ म्हणून मुलांना शिकवू नये. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरण कापडावर, पासोडीवर लिहिले. अवघड तत्त्व लोकांच्या डोळ्यांसमोर पसरून मांडण्याची आपल्या भागाची ही हौस कागदोपत्री शाबीत आहे; अभिमानासाठी तेवढी पुरे.

या पटांचा सर्वांत कसून अभ्यास एका डॅनिश माणसानेच केला. जेकब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठात 2019 साली याच खेळावर प्रबंध लिहिला. विषय, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम भारतातला ज्ञानपट. त्याआधी अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी 1985 पासून जैनांचे 84 घरांचे, वैष्णवांचे 72 घरांचे आणि सूफी वळणाचे 101 घरांचे पट समोर आणले होते. आपल्या खेळाच्या नियमांसाठी कोपनहेगन-ऑक्सफर्डचे दार ठोठावावे लागते, याची मला मनापासून खंत वाटते. मराठी विद्यापीठीय विभागांनी हे काम हाती घ्यायला हवे होते.

72 घरांचा पट हरीश जोहरी यांनी इंग्रजी वाचकांपर्यंत नेला. त्याची रचना पाहून मी थक्क झालो. नऊ घरांच्या आठ ओळी, खेळ खालून वर नागमोडी जातो. पण ध्येय शेवटच्या घरात नाही. वैकुंठ 68 व्या घरात, सर्वांत वरच्या ओळीच्या बरोबर मध्यभागी. त्याच्यापुढेही चार घरे आहेत. वैकुंठ चुकवून पुढे गेलात तर 72 वर तमोगुणाचा साप बसला आहे, तो 51 व्या घरात पृथ्वीवर आणून सोडतो. पुन्हा चढायचे. शंभरच्या सापशिडीत ध्येय नेहमी पुढेच असते. इथे पुढे जाणे हाच धोका होऊ शकतो. शिवाय हरलेला खेळाडू बाद होत नाही, त्याला पुन्हा जन्म मिळतो. जो तो एका जीवाची भूमिका घेऊन बसलेला असतो आणि ज्या घरात पडेल त्या घराचे नाव त्याचे होते. गायगॅक्सच्या टेबलापासून हे फार दूर नाही.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या उन्हाळी सुट्टीत मुदखेडच्या वाचनालयांनी आणि शाळांनी हा 72 घरांचा मोक्षपट काचेच्या चौकटीत लावायच्या ऐवजी जमिनीवर मांडावा. एक पुठ्ठा, आठ ओळी, नऊ रकाने, सहा कवड्या. घरांची नावे मुलांना मोठ्याने वाचू द्यावीत. भजनी मंडळातल्या एखाद्या आजोबांना शेजारी बसवावे. मत्सर म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या पोराला तेच नीट सांगतील. मोठ्यांना मोह होईल तो नियम सौम्य करण्याचा: साप कमी करू, 68 च्या पुढची चार घरे काढून टाकू, रडणाऱ्या पोराला एक जादा दान देऊ. तो टाळावा, आणि 72 वरचा साप तर अजिबात हलवू नये.