लांबनं वळकायचा बोर्ड

कोल्हापुरात आमच्या बाबांना कुणी नावानं हाक मारत नसे. पेठेत ते नुसते ‘पेंटर’. किराणा दुकान, सलून, पतपेढी, तालीम, सगळीकडचे बोर्ड त्यांच्या हातचे. शाळेतून आले की खडू लावलेल्या दोऱ्याचं दुसरं टोक मी धरायची. फळीवर दोरा ताणून सोडला की सरळ पांढरी रेघ उमटे. कधी मी अक्षराला फार नक्षी काढली की ते म्हणत, “बोर्ड वाचाया नसतोय गं, लांबनं वळकाया असतोय.” मग फ्लेक्स आला. सकाळी सांगितलेला बोर्ड संध्याकाळी छापून मिळू लागला आणि बाबांचे ब्रश डब्यातच वाळले.

लग्नानंतर २००६ साली मी इंग्लंडात, वुल्व्हरहॅम्प्टनला आले. डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावरून पबचे बोर्ड नेमके डोळ्यांसमोर येत. लोखंडी दांड्याला टांगलेले, वाऱ्यानं कुरकुरणारे. सिंह, हरिण, नांगर, कुण्या राजाचं डोकं. बरेचसे हातानं रंगवलेले. म्हटलं, ही तर आपलीच बिरादरी! आज मी हेच काम करते. भेटणारा प्रत्येक मराठी माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, “याला गिऱ्हाईक कुठून मिळतं?”

पब म्हटल्यावर पुण्या-मुंबईचा कानठळ्या बसवणारा पब डोळ्यांपुढे आणू नका. इथला पब म्हणजे छप्पर घातलेला गावचा पार. म्हातारे एका ग्लासावर दुपार काढतात, कुत्री पायाशी झोपतात. दारावरच्या चित्राची रीतही फार जुनी. १३९३ साली, दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात, लंडनमध्ये हुकूम निघाला की बिअर करून विकणाऱ्यानं दाराशी खूण टांगलीच पाहिजे, नाहीतर माल जप्त. बिअर तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ठिकाण सापडावं हा हेतू. लिहिता-वाचता येणारे तेव्हा थोडेच, त्यामुळे लोकांनाही चित्रच सोयीचं. रिचर्डचं स्वतःचं चिन्ह पांढरं हरिण होतं, आणि ‘व्हाइट हार्ट’ नावाचे पब आजही गावोगाव आहेत. बाबांचं वाक्य म्हणजे इथला सहाशे वर्षांचा कायदाच!

पुढे दुकानदारांत मोठ्यात मोठा बोर्ड टांगायची चढाओढ लागली. १७१८ मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळ एका बोर्डाच्या वजनानं घराचा दर्शनी भागच कोसळला आणि चार माणसं दगावली. ते आठवलं की दांड्याचे बोल्ट दोनदा तपासल्याशिवाय मी शिडीवरून उतरत नाही.

पेंटरांचे चांगले दिवस ब्रुअऱ्यांमुळे आले. बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचे शेकडो पब असत, आणि बोर्ड रंगवायला काहींनी चित्रकार पगारावर ठेवले होते. विल्टशरमधल्या वाडवर्थ ब्रुअरीची बोर्ड रंगवायची खोली तर प्रसिद्ध होती. मग १९८९ साली सरकारनं नियम केला आणि दोन हजारांहून जास्त पब हाताशी असलेल्या ब्रुअऱ्यांच्या मक्तेदारीला लगाम घातला. त्यांनी हजारो पब विकले. ते घेतले नव्या ‘पब कंपन्यां’नी. त्या बिअर बनवत नाहीत, त्यांच्या लेखी पब म्हणजे भाड्याची इमारत. त्यात पबही मिटत गेले. २००० साली साठ हजारांच्या घरात होते, आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत.

हे सगळं मला माहीत असतं तर माझा सिंह वाचला असता. दुसऱ्याच वर्षी एका पबवाल्यानं ‘रेड लायन’चा बोर्ड सांगितला. महिनाभर खपून मी आयाळीचा केस न् केस काढला. बोर्ड चढला, आणि तीन आठवड्यांत पब कंपनीचं पत्र आलं. परवानगी घेतली नव्हती, नमुना कंपनीच्या साच्यातला नव्हता, उतरवा. ज्यानं काम सांगितलं तो निव्वळ भाडेकरू होता आणि तोही सोडून जायच्या बेतात. निम्मे पैसे बुडाले. सिंह अजून आमच्या गॅरेजमध्ये सायकलींवर डोळे वटारून उभा आहे.

तेव्हापासून पहिला प्रश्न माझा, “इमारत कुणाची?” ब्रुअरीची असेल तर काम मोठं, पण ठरायला वर्ष जातं. कंपनीची असेल तर बहुतेकदा छापील बोर्ड. आणि ‘फ्री हाउस’ असेल तर माझी आशा. फ्री म्हणजे फुकट नव्हे. कुठल्याही ब्रुअरीला न बांधलेला, हवी ती बिअर ठेवणारा पब. तिथं मालक समोर उभा असतो आणि हो-नाही तोच म्हणतो. इमारत ऐतिहासिक यादीत असली तर बोर्ड बदलायला नगरपालिकेची परवानगी लागते, तो अर्ज मीच भरून देते. त्या एका अर्जापायी माझी कितीतरी कामं जमली आहेत.

दुसरा धडा वेळेचा. शुक्रवारी संध्याकाळी पबमालकाशी बोर्डाबद्दल बोलणं म्हणजे लग्नघरात आचाऱ्याला पाककृती विचारणं. मी मंगळवारी दुपारी तीनला जाते. लिंबू-सोडा घेते आणि बोर्डाचं नाव काढत नाही, पबच्या नावाबद्दल विचारते.

‘रॉयल ओक’चं काम असंच मिळालं. मालक पंजाबी. आमच्या भागात स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच इकडे असे ‘देसी पब’ बरेच आहेत. साठच्या दशकात इथल्या कारखान्यांत राबणाऱ्या पंजाब्यांना कित्येक पबमध्ये धड वागणूक मिळत नसे. आता त्यांचीच मुलं गल्ल्यावर आहेत, बिअरसोबत तंदुरी मिळते. पाजी म्हणाले, “नाम छपवा देंगे, बस.” मी विचारलं, “रॉयल ओक म्हणजे कुठला ओक?” त्यांना ठाऊक नव्हतं. १६५१ साली वूस्टरची लढाई हरलेला दुसरा चार्ल्स राजा शत्रूच्या, म्हणजे क्रॉमवेलच्या, शिपायांपासून दिवसभर एका ओकच्या झाडावर लपला. ते झाड बॉस्कोबेलचं, गाडीनं इथून अर्ध्या तासावर. तिथं आज उभा आहे तो त्या झाडाचा वंशज. वीस वर्षं पब चालवणारा माणूस पुढच्या रविवारी नातवंडांना घेऊन झाड बघून आला. सोमवारी फोन आला, “राजा भी बनाना.”

बोर्ड तीन फूट बाय चार, मरीन प्लायचा. चित्र आधी कागदावर. मग रेघेवर बारीक भोकं पाडायची आणि कोळशाची पूड बांधलेली पुरचुंडी वरून थोपटायची. रांगोळीच्या छापासारखे ठिपके फळीवर उतरतात. अक्षरांना सोन्याचा वर्ख. त्याचा चिकट थर किती वाळलाय ते बोटाचं पेर टेकवून बघायचं. चुटकन आवाज आला की वर्ख लावायचा. घाई केली तर सोनं बुडतं, उशीर झाला तर धरत नाही.

अर्धवट बोर्ड मुद्दाम पबमध्ये नेऊन ठेवला. रोजचे एक आजोबा ग्लास घेऊन जवळ आले. “बॅब, ही पानं ओकची नाहीत.” इकडे अनोळखी बाईला ‘बॅब’ म्हणतात, आपल्याकडे ‘ताई’ म्हणावं तसं. खरंच होतं. ओकच्या पानाची कड लाटांसारखी आत-बाहेर जाते आणि माझ्या हातानं नकळत आंब्याची पानं काढली होती. दुसऱ्या दिवशी आजोबांनी टोपीतून पानं आणली. बोर्ड चढला त्या दिवशी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “पानं माझी आहेत.” त्यांच्या ओळखीनंच पुढची दोन कामं आली.

बाबा बोर्डाच्या कोपऱ्यात नाव टाकत, कारण तो डोळ्यांच्या उंचीवर असे. माझा बोर्ड पंधरा फुटांवर, तिथला फोन नंबर कोण वाचणार? म्हणून प्रत्येक बोर्डाची पोस्टकार्डं छापून मी बारवर ठेवते. ही युक्ती व्हिटब्रेड ब्रुअरीची. १९४९ पासून त्यांनी आपल्या पबच्या बोर्डांची पत्त्याएवढी चित्रं गिऱ्हाइकांना वाटली आणि लोकांना ती जमवायचं वेड लागलं. माझं कार्ड कुणाच्या फ्रिजवर जातं आणि वर्षानं फोन येतो, कधी दुसऱ्या पबचा, कधी बागेतल्या शेडमध्ये घरगुती बार थाटलेल्या हौशी माणसाचा.

बोर्डाला दोन बाजू असतात. इथं सूर्य दक्षिणेकडून कललेला, त्यामुळे दक्षिणेची बाजू आधी विटते. काम झालं की मी वहीत तारीख आणि दिशा लिहिते. परवा पान उलटताना सापडलं: ‘रॉयल ओक, मे २०१३, दक्षिण बाजू, राजाचा लाल कोट.’ मंगळवारी तीनला गेले. कोट गुलाबी झाला होता, पण रस्त्याच्या पलीकडूनही ओक ओकच दिसत होता. पाजींनी काही न विचारता शिडी काढली.