समजून घ्या : बीपीची गोळी गावातच मिळाली, तर काय बदलतं?

रक्तदाब वाढला तरी अनेकदा काहीच दुखत नाही. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद होते आणि पुढे पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार गाठतो. यावरची नेहमीची औषधं महाग नाहीत. अडचण आहे ती दर महिन्याला गोळ्या हातात पडण्याची.

मोफत गोळीही महाग कशी पडते?

गोळ्या आणायला तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, केसपेपरची रांग आणि बुडालेली रोजंदारी. त्यात आठवड्याच्याच गोळ्या मिळाल्या, तर महिन्याला चार फेऱ्या. अशाने उपचार मध्येच सुटतात.

यावर उपाय काय निघाला?

केंद्र आणि राज्य सरकारं, आयसीएमआर व जागतिक आरोग्य संघटना यांनी 2017 मध्ये ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ सुरू केला. महाराष्ट्रात सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे निवडले गेले. त्यातले मुख्य बदल असे :

• ठरलेला उपचार : मोजकीच औषधं. रक्तदाब 140/90 च्या खाली येईपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवायची.
• घराजवळ औषध : 30 दिवसांच्या गोळ्या एकदम, शक्यतो जवळच्याच केंद्रात.
• कामाची वाटणी : उपचार डॉक्टर ठरवतात, रक्तदाब मोजणं आणि पाठपुरावा नर्स व इतर कर्मचारी करतात.
• प्रत्येकाची नोंद : तारीख उलटूनही रुग्ण आला नाही, तर त्याला फोन जातो.

म्हणजे रुग्णाने यंत्रणेमागे धावायचं नाही, यंत्रणेने रुग्णाचा माग ठेवायचा. रुग्णकेंद्री सेवा म्हणतात ती हीच. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

गावातलं उपकेंद्र यात कुठे बसतं?

निकषानुसार 5,000 लोकसंख्येमागे (डोंगराळ, आदिवासी भागात 3,000) एक उपकेंद्र आणि 30,000 मागे (तिथे 20,000) एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. ‘आयुष्मान भारत’मध्ये 2018 पासून या केंद्रांचा विस्तार झाला. 2023 मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळालं. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) असतात. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी हे या केंद्रांचं काम आहे.

घोडं कुठे अडू शकतं?

साखळीतली एक कडी निखळली तरी सगळं थांबतं. साठा संपला किंवा सीएचओचं पद रिकामं राहिलं, की रुग्ण पुन्हा तालुक्याच्या रांगेत.

तुम्ही काय करायचं?

• वय 30 च्या पुढे असेल, तर त्रास नसला तरी रक्तदाब तपासून घ्या.
• जाताना जुने कागद आणि सुरू असलेल्या गोळ्या सोबत न्या.
• महिन्याभराच्या गोळ्या मिळतील का, हे विचारा.
• आकडा नॉर्मल आला म्हणजे आजार गेला असं नाही. तो गोळीमुळे आटोक्यात असू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.