टायर मोठे झाले, मीटर खोटे झाले



पावसाळ्याच्या तोंडी आपल्यापैकी एका शेतकऱ्याने मिस्सा सुटल्यावर मला चर्चच्या आवारात गाठले. जीपगाडीला मोठे टायर घातल्यापासून गाडी डिझेल फार खाते, अशी त्याची तक्रार होती. पूर्वी लिटरला १२ किलोमीटर जाणारी गाडी आता साडेदहाच जाते. मेस्त्रीने इंजेक्टर उघडून साफ केले, पैसे घेतले, पण फरक पडला नाही. "फादर, इंजिन गेलं की काय?" असे तो काळजीने विचारत होता.

इंजिन शाबूत होते. खोटे बोलत होते ते समोरचे मीटर. जे मीटर किलोमीटर कमी मोजते, तेच बहुधा वेगही कमी दाखवते. किलोमीटरच्या चुकीने पैसा जातो, वेगाच्या चुकीने जीव जाऊ शकतो. आपल्या खानापूर-चंदगड भागात चिखलातून ऊस आणि भाताची पोती काढायची म्हणून अनेकांनी गाड्यांना मोठे टायर घातले आहेत. त्याच गाड्या रात्री-अपरात्री आजाऱ्याला घेऊन बेळगावला जातात आणि चोर्ला घाटही उतरतात. म्हणून हा विषय आज या पानावर घेतला आहे.

मीटर नेमके काय मोजते?

मीटर रस्ता मोजत नाही. ते फक्त चाकाचे किंवा चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजते. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे कारखान्यात मूळ टायरच्या मापावरून ठरवून दिलेले असते. आपण टायर बदलला हे मीटरला कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. बोलेरो गाडीला येणाऱ्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. याचा अर्थ टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा ७५, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर, आणि रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची उंची आणि रिम मिळून टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर होतो. त्याला ३.१४ ने गुणले की घेर २ मीटर २१ सेंटिमीटर येतो.

आता त्याजागी ३१ इंची टायर बसवला असे समजू. त्याचा व्यास ७८७ मिलिमीटर आणि घेर सुमारे २ मीटर ४७ सेंटिमीटर. एक किलोमीटर जायला जुना टायर ४५२ फेरे घेई, नवा ४०५ फेऱ्यांतच जातो. मीटर मात्र ४५२ फेरे झाल्याशिवाय किलोमीटर पुरा धरत नाही. म्हणून गाडी खरा एक किलोमीटर गेली तरी मीटरवर सुमारे ९०० मीटरच पडतात. आपल्या शेतकऱ्याचे साडेदहा किलोमीटर प्रत्यक्षात पावणेबारा होते. जो थोडा फरक उरला तो जड टायरचा.

यात धोका कोणता?

काटा ६० वर असताना गाडी ६७ ने धावत असते. सात किलोमीटरने काय होते, असे कुणी म्हणेल. पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. वेग शेकडा १२ वाढला, तर हे अंतर शेकडा २५ वाढते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ६० च्या वेगाने जी गाडी ब्रेक दाबल्यापासून २० मीटरांत थांबते, ती ६७ ला २५ मीटर घेते. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर वेगळे. ओल्या रस्त्यावर तर दोन्ही आकडे आणखी वाढतात. हे पाच मीटर म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या पोराचे दैव.

त्यात मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकला अधिक जोर लागतो आणि चढावर इंजिनची ओढही कमी पडते. घाटातल्या वळणावर ३० ची पाटी वाचून काटा ३० वर आणणारा प्रामाणिक चालकसुद्धा ३४ ने वळत असतो. त्याची चूक नाही, पण गाडीला ते कळत नाही.

तेल बदलण्याचेही तसेच. दर १०,००० किलोमीटरला तेल बदलणाऱ्याचे इंजिन प्रत्यक्षात ११,२०० किलोमीटर चाललेले असते.

चूक किती आहे ते घरच्या घरी मोजा

टायरवरच्या आकड्यांवरून केलेले गणित अंदाजापुरते असते. गाडीच्या वजनाने टायर दबतो, म्हणून प्रत्यक्ष घेर थोडा कमी भरतो. तेव्हा मोजूनच पाहावे. टायर थंड असताना हवा ठरल्याप्रमाणे भरावी आणि गाडीत नेहमीइतकेच ओझे ठेवावे.

पहिली रीत खडू आणि टेपची. सपाट जागेवर टायरला आणि त्याखालच्या जमिनीला खडूची खूण करावी. गाडी सरळ रेषेत हळू पुढे न्यावी, दहा फेरे मोजावेत आणि अंतर टेपने मोजावे. जुने टायर काढण्याआधी हेच माप घेऊन ठेवले तर उत्तम. समजा, जुन्या टायरचे दहा फेरे साडेएकवीस मीटर भरले आणि नव्याचे चोवीस. चोवीसला साडेएकवीसने भागले की १.१२ येते. हा आपल्या गाडीचा गुणक.

दुसरी रीत किलोमीटरच्या दगडांची. मीटरचा आकडा लिहून घेऊन सलग दहा किलोमीटर जावे. मीटरवर ९ पडले, तर दहाला नवाने भागून गुणक १.११ येतो. रस्ता रुंद करताना काही दगड हललेले असतात, म्हणून एकाच दगडावर विसंबू नये. परत येतानाही मोजावे.

वेगाचा काटा मात्र वेगळा तपासावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक ३९ चे तत्त्व असे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. थोडा जास्त दाखवला तर चालतो. खरा वेग ८० असेल तर ९२ पर्यंत दाखवण्याची मुभा त्यात आहे. म्हणून अनेक गाड्यांचा काटा मुळातच थोडा पुढे असतो. तो शेकडा ५ पुढे असेल, तर आपल्या उदाहरणातल्या टायरनंतर सुमारे शेकडा ६ मागे पडेल. सुरक्षिततेसाठी ठेवलेली ती शिल्लक मोठा टायर खाऊन टाकतो.

काटा तपासण्यासाठी मोकळ्या, सरळ आणि सपाट रस्त्यावर एकच वेग धरावा. शेजारी बसलेल्याने मोबाइलमधील जीपीएसचा वेग वाचावा किंवा एका किलोमीटरला किती सेकंद लागले ते मोजावे. ६० सेकंद लागले तर वेग ६०, ७२ लागले तर ५०, ९० लागले तर ४०. चालकाने आपली नजर रस्त्यावरून काढू नये. दाट झाडीत आणि घाटात जीपीएस चुकू शकते, तेथे ही चाचणी करू नये.

दुरुस्ती कशी करावी?

जुन्या जीपगाड्यांत गिअरबॉक्सकडून मीटरकडे एक केबल येते. तिच्या टोकाशी लहान दातेरी चाक असते. त्याचे दाते कमी केले की केबल अधिक जोरात फिरते. १८ दात्यांच्या जागी १६ दात्यांचे चाक मिळाले, तर शेकडा साडेबाराचा फरक भरून निघतो. तसे चाक मिळत नसेल, तर केबलच्या मध्ये बसणारी गिअरची छोटी डबी वापरतात.

नव्या गाड्यांत केबल नसते. तेथे सेन्सर विजेच्या ठोक्यांनी फेरे कळवतो. काही गाड्यांत सर्व्हिस सेंटरचा कारागीर संगणक जोडून टायरचे नवे माप भरू शकतो. काहींत ठोके सुधारून देणारी डबी बसवावी लागते. पण ज्या गाडीत एबीएस ब्रेक आहेत, तिच्या चाकांच्या सेन्सरच्या तारा रस्त्याकडेच्या मेस्त्रीकडून कापून घेऊ नयेत. त्या तारांवर ब्रेक अवलंबून असतात.

काटा वाकवून पुढे आणणे हा उपाय नव्हे. चूक प्रमाणात वाढते. ३० ला चार किलोमीटर, तर ८० ला साडेनऊ. वाकवलेला काटा एका वेगाला खरा आणि बाकी सगळ्यांना खोटा ठरतो.

दुरुस्ती होईपर्यंत एक बिनखर्चाचा उपाय आहे. कागदावर तक्ता लिहून मीटरशेजारी चिकटवावा. मूळ काटा बरोबर होता असे धरल्यास १.१२ गुणकाचा तक्ता असा होईल:

मीटरवर ३० – खरा वेग ३४
मीटरवर ४० – खरा वेग ४५
मीटरवर ५० – खरा वेग ५६
मीटरवर ६० – खरा वेग ६७
मीटरवर ८० – खरा वेग ९०

आपल्या गाडीचे आकडे आपण मोजूनच भरावेत. दुरुस्तीनंतरही एकदा चाचणी घ्यावी.

टायर घेण्यापूर्वी

फोर-व्हील गाडीचे चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर गिअरबॉक्सवर ताण येतो. स्टिअरिंग पुरते वळवल्यावर टायर कुठे घासत नाही हे पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीत मनमानी फेरबदल करण्यास मनाई केली आहे, म्हणून आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्यावे.

ट्रॅक्टरवाल्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागचे टायर मोठे घातले, तर त्याच गिअरला आणि इंजिनच्या त्याच फेऱ्यांना ट्रॅक्टर अधिक वेगाने चालतो. फवारणी करताना एकरी औषध मग कमी पडते. शंभर मीटर जायला किती सेकंद लागतात ते पुन्हा मोजून पंपाचा हिशेब नव्याने करावा.

खरे माप

अनुवाद या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात घरात एक मोठे आणि एक लहान अशी दोन मापे ठेवण्यास मनाई आहे. ही आज्ञा आपण तराजूपुरती समजतो. पण किलोमीटरने भाडे घेणाऱ्याचे मीटर हेही मापच. मोठ्या टायरने भाड्यात मालकाचे नुकसान होते, म्हणून ते लवकर ध्यानात येते. गाडी विकताना मात्र तेच मीटर त्याच्या फायद्याचे ठरते. मोठ्या टायरवर मीटरने ५०,००० दाखवले, तर गाडी ५६,००० चाललेली असते. टायर कोणत्या तारखेला आणि मीटरच्या कोणत्या आकड्याला बदलले, हे गाडीच्या वहीत लिहून ठेवावे आणि घेणाऱ्याला न विचारता सांगावे.

तो शेतकरी नंतर भेटला. इंजेक्टरचे पैसे गेले ते गेलेच. पण त्याच्या मीटरशेजारी आता तक्ता चिकटवलेला आहे, आणि गाडी चालवणाऱ्या मुलाकडून त्याने तो पाठ करून घेतला आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर टेप आणि खडू चर्चच्या आवारात ठेवलेले असतील. ज्यांनी मोठे टायर घातले आहेत, त्यांनी हवा तपासून गाडी घेऊन यावे. दहा फेरे मोजायला दहा मिनिटेही लागत नाहीत.