पोलिसांचा पगार, पेन्शन आणि ड्युटीचे तास

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांमधील मुले-मुली पहाटे उठून मैदानावर पळू लागतात. धावणे, गोळाफेक, मग लेखी परीक्षा. निवड यादीत नाव आले की घरी पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या नोकरीसाठी एवढा घाम गाळायचा तिच्यात सुट्टी किती, बोलण्याचा अधिकार किती आणि म्हातारपणी हाती काय पडणार, हे भरतीच्या मार्गदर्शन वर्गात फारसे कोणी सांगत नाही. बँकेत पेन्शनचे कागद हाताळताना आणि शासन निर्णय वाचताना जे समजले, ते विद्यार्थी मित्रांसाठी व सभासदांसाठी येथे मांडतो.

प्रथम पगार. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू धरला गेला, पण प्रत्यक्ष पगार 2019 साली सुरू झाला. फरकाची रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत देण्याचे ठरले. पोलीस शिपायाचे सुरुवातीचे मूळ वेतन 21,700 रुपये, उपनिरीक्षकाचे 38,600. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वगैरे. सुरुवातीचा आकडा वाईट नाही. जुनी तक्रार होती ती बढतीची. आयुष्यभर रस्त्यावर उभे राहून हवालदार म्हणूनच निवृत्त झालेली कितीतरी माणसे आपण पाहिली आहेत. 2022 साली शासनाने मधले नाईक हे पद रद्द केले, त्यामुळे शिपाई ते उपनिरीक्षक हा रस्ता थोडा जवळचा झाला.

खरा पेच पेन्शनचा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

दरवर्षी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तांची रांग लागते. कधी वडील निवृत्त हवालदार असतात आणि त्यांना हात धरून घेऊन आलेला मुलगा खात्यात शिपाई असतो. वडिलांचे पासबुक भरून देताना मुलगा त्यात डोकावतो आणि विचारतो, "साहेब, आम्हाला असे मिळेल का हो?" या प्रश्नाचे उत्तर एका तारखेत आहे. जे 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी शासकीय सेवेत आले त्यांना 1982 च्या नियमांप्रमाणे जुने निवृत्तिवेतन. जे त्या दिवशी किंवा नंतर आले त्यांना अंशदायी योजना, जी पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेली. खाते एक, गणवेश एक, बंदोबस्तही एकच.

फरक आकड्यांत पाहू. शेवटचे मूळ वेतन 60,000 असेल तर जुन्या पद्धतीने दरमहा 30,000 आणि त्यावर महागाई वाढ. महागाई भत्ता वाढला की पेन्शन वाढते, नवा वेतन आयोग आला की पुन्हा वाढते. पगारातून पेन्शनसाठी एक पैसा कापला जात नाही. एनपीएसमध्ये मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या 10 टक्के रक्कम पगारातून कापली जाते. शासनही आपला वाटा भरते. तो आधी 10 टक्के होता, पुढे 14 टक्के झाला. हा पैसा बाजारात गुंतवला जातो. समजा निवृत्तीच्या वेळी 50 लाख जमले. नियमाप्रमाणे 60 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 30 लाख, एकदम मिळू शकतात आणि किमान 40 टक्के, म्हणजे 20 लाख, विमा कंपनीकडे ठेवून वार्षिकी घ्यावी लागते. सहा टक्के दर धरला तर महिन्याला 10,000 रुपये. साध्या वार्षिकीत हा आकडा पाच वर्षांनीही 10,000 आणि पंधरा वर्षांनीही 10,000. तीस लाख हाती येतात हे खरे, पण मुलीचे लग्न, घराचे कर्ज आणि नातेवाइकांच्या अडचणी यांत ते किती दिवस टिकतात हे बँकेतल्या माणसाला विचारू नये.

मी स्वतः 1 एप्रिल 2010 नंतर बँकेत लागलो, त्यामुळे मीही एनपीएसवालाच आहे. पण माझ्यात आणि पोलीस शिपायात एक फरक आहे. आमची युनियन आहे. आम्ही दारात उभे राहून घोषणा देतो, प्रसंगी संप करतो. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी 14 ते 20 तारखेपर्यंत संप केला. त्यात शिक्षक होते, कारकून होते, परिचारिका होत्या. पोलीस नव्हते, आणि असूही शकत नव्हते. संविधानाच्या अनुच्छेद 33 नुसार सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि 1966 च्या कायद्याने परवानगीशिवाय कामगार संघटनेत सामील होण्यास पोलिसांना बंदी आहे. शस्त्र हाती असलेल्या दलाने संप करू नये, हे मलाही पटते. मग त्यांचे म्हणणे कोणी कोठे मांडायचे, याची सोय मात्र कायद्याबरोबरच व्हायला हवी होती.

मुंबईत ही कोंडी एकदा फुटली होती. गिरणी संप चालू असताना 18 ऑगस्ट 1982 रोजी मुंबईचे पोलीसच रस्त्यावर उतरले. त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली होती. शहरात सैन्य बोलवावे लागले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. जुन्या पोलीस लाइनीत त्या दिवसांबद्दल आजही आवाज खाली करूनच बोलले जाते.

इंग्लंडमध्येही पोलिसांना संपाचा अधिकार नाही. पण 1918 व 1919 च्या पोलीस संपांनंतर तेथे 1919 च्या कायद्यानेच पोलीस फेडरेशन स्थापन झाले, म्हणजे संप काढून घेतला आणि तोंड दिले. विन्सर अहवालांनी 2011 व 2012 साली पगार व सेवाशर्तींत मोठे बदल सुचवले; नव्या शिपायाचा सुरुवातीचा पगार तेवीस हजार पौंडांहून अधिक होता तो एकोणीस हजारांपर्यंत खाली आणण्याची शिफारस त्यात होती. त्याच सुमारास पेन्शनचे नियमही बदलत होते. तेव्हा 10 मे 2012 रोजी सुमारे तीस हजार पोलीस, ड्युटी नसलेल्या वेळेत, लंडनमधून शांतपणे चालत गेले. मागण्या सगळ्या मान्य झाल्या असे नाही. पण कोणाला त्यासाठी नोकरीवरून काढले नाही.

आपल्याकडे दुसऱ्यांच्या आंदोलनाचा लाभ पोलिसांनाही थोडा मिळाला. 2023 साली एनपीएसमधील कर्मचाऱ्यांना कुटुंब निवृत्तिवेतन व उपदान लागू झाले. सेवेत असताना मृत्यू येण्याचा धोका ज्या खात्यात अधिक, तेथे ही मोठी गोष्ट आहे. ज्यांच्या भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली पण नेमणूक नंतर झाली, त्यांना 2024 साली जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. केंद्राच्या योजनेत 25 वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ, आणि किमान दहा वर्षे सेवा असल्यास निदान 10,000 रुपये आहेत. पगारातून 10 टक्के कपात मात्र चालूच राहते. पर्यायाचा अर्ज भरण्यापूर्वी आपली सेवा किती वर्षे होणार ते मोजावे. उशिरा भरती झालेल्याचे गणित वेगळे येते.

आता ड्युटीचे तास. मुंबई पोलीस अधिनियम, 1951 (ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात) याच्या कलम 28 मध्ये पोलीस नेहमीच कामावर असल्याचे मानले आहे. कागदावरची ही ओळ घरातल्या माणसांना फार महाग पडते. गणपती, निवडणूक, सभा, मोर्चा. 14 एप्रिल व 6 डिसेंबरला आपण अभिवादनाला जातो तेव्हा दोरी धरून बारा-बारा तास उभा असलेला शिपाई पुष्कळदा आपल्याच घरातला असतो. मे 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला. ही कल्पना एका शिपायानेच सुचवली होती आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली, हे मला त्यातले विशेष वाटते. 2018 च्या आरंभी ती मुंबईतील सर्व ठाण्यांत लागू झाली. 2020 साली कोविड आला आणि वेळापत्रक पुन्हा विस्कटले. 2022 मध्ये किरकोळ रजा 12 वरून 20 दिवस झाली. रजा वाढली तरी ती मंजूर होण्यासाठी मागे माणूस लागतो. जुलै 2023 मध्ये मुंबईसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे 3,000 जवान कंत्राटी तत्त्वावर घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा मैदानावर पळणाऱ्या मुलांच्या पोटात गोळा आला होता.

घराचा प्रश्न तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. बीडीडी चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांच्या पिढ्या वाढल्या. पुनर्विकासात त्यांना 15 लाखांत घर देण्याचे 2022 साली ठरले, तेही आधी 50 लाख, मग 25 लाख अशी घासाघीस होऊन.

नव्याने भरती झालेल्यांनी पहिल्याच वर्षी तीन गोष्टी कराव्यात. प्रान क्रमांक मिळाला का आणि दरमहा दोन्ही वाटे जमा होतात का, ते पाहावे. लग्न झाल्यावर नामनिर्देशन बदलावे. पत्नी हयात असून कागदावर मृत वडिलांचे नाव असलेली प्रकरणे आमच्याकडे येतात. आणि सेवापुस्तकातील जन्मतारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी, कारण ती दुरुस्त करण्याचा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आतच करावा लागतो.