काट्यावर न दिसणारी चरबी

नवजात बाळाच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर दर डेसिलिटरमागे एकूण कोलेस्टेरॉल साधारण ७० मिलिग्रॅम भरतं. तेच बाळ चाळिशीत येईपर्यंत हा आकडा अनेकदा २००ला टेकतो आणि घरात चमच्याने तेल मोजणं सुरू होतं. पण सगळा दोष तेलाचा नसतो.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलण्याचं काम मुख्यतः यकृत करतं. त्यासाठी त्याच्या पेशींवर ग्राही (रिसेप्टर) असतात. ते शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. वयाबरोबर ही उचल मंदावते आणि एलडीएल रक्तात रेंगाळू लागतं.

बायकांना यात इस्ट्रोजेनची साथ मिळते, कारण ते ग्राहींची संख्या वाढवतं. म्हणून पस्तिशीतल्या बाईचं एलडीएल तिच्या वयाच्या पुरुषापेक्षा सहसा कमी असतं. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, जास्त असतं. त्याची किमान पातळी पुरुषांना ४०, तर बायकांना ५० धरतात. पाळी गेली की ही साथ सुटते. ताटात काहीही न बदलता एलडीएल चढतं आणि पुष्कळदा पुरुषांनाही मागे टाकतं. चाळिशीतल्या चांगल्या रिपोर्टवर साठीत विसंबता येत नाही, ते यामुळे.

वजनाची खूण एलडीएलपेक्षा ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीवर ठळक उमटते. पोटातली चरबी यकृताकडे मेदाम्लं पाठवते. यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं आणि ते वाढलं की एचडीएल घटतं. आपल्याकडे दुखणं नेमकं इथे आहे. महाराष्ट्रासह तीन राज्यं आणि चंदीगडमध्ये झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले १३.९ टक्के निघाले, एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के!

‘पण मी तर बारीक आहे,’ असं म्हणणाऱ्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेलं एक छायाचित्र पाहावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन त्यात शेजारी शेजारी आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, अगदी सारखा. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

वजनकाट्याला हा फरक कळत नाही. शिवणाच्या डब्यातली टेप मात्र पोटाचा अंदाज देते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८०: भारतीयांसाठी धोक्याची रेघ इथे ओढलेली आहे.